मार्चेलिनमिस्त्रीने घर बांधलं

अचाल्देच्या बंदरात सरळ म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मासळीवाल्या प्रुदेंचीची जीभ. बाकी सगळं वाकडं. घरांचं तर विचारूच नका. धक्क्याला लागून बावीस घरं, प्रत्येकाची रुंदी जेमतेम तीन खिडक्यांची आणि उंची चार मजल्यांची, आणि सगळी एकमेकांवर रेललेली. एक काढलं तर बाकीची एकवीस कुठे जातील हे देवालाच माहीत. खाली दगड, वर ओकच्या लाकडाचा सांगाडा, मधे विटा. दारं, खिडक्या आणि सज्जे ज्या त्या घराच्या बोटीच्या रंगाचे, कारण बोट रंगवून उरलेला रंग फेकून देणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. प्रुदेंचीचा नवरा इलारियो, त्याची बोट हिरवी, म्हणून तिचं घर हिरवं. इतकं सोपं आहे ते.

या गावात मार्चेलिन बोटी बांधायचा. बाराव्या वर्षी तो बंदराच्या टोकाच्या कारखान्यात भुसा झाडायला लागला आणि एक्कावन्नाव्या वर्षी कारखाना बंद पडला तेव्हा तो तिथला मुख्य मिस्त्री होता. मधल्या काळात त्याने त्रेचाळीस बोटी पाण्यात सोडल्या. माणूस अबोल, पण हातात कसब असं की वाकस घेऊन लाकडाला लागला की बघणाऱ्याची सिगारेट बोटांपर्यंत जळत यायची. त्याच्या पेटीत सगळी हत्यारं होती, फक्त सपाटी बघायची पाणसळ नव्हती. हलणाऱ्या पाण्यावर पाणसळीचा काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. तो एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने तुळईकडे बघायचा, आणि म्हणायचा, "केसभर काढा." काढलं की बरोबर बसायचं. एकदा पाद्रीबाबांनी त्याला चर्चसाठी बाक करायला सांगितला, तर त्याने बोटीबद्दल विचारावं तसा पहिला प्रश्न विचारला, याचं तोंड कुठल्या बाजूला. गावाने त्यावर दोन वर्षं करमणूक करून घेतली.

कारखाना बंद पडण्यात कोणाचा दोष नव्हता. मालक म्हातारा झाला, मुलांना लाकडाच्या भुशाने शिंका यायच्या, आणि लोक मोठ्या बंदरातून लोखंडी बोटी आणायला लागले. बाकीचे कामगार एकेक करून डोंगरापलीकडच्या गावांत कारखान्यांवर गेले. मार्चेलिनची बायको सेबेरा, तिचा भाऊ तिकडेच शिलाई मशीनच्या कारखान्यात मुकादम. त्याने मार्चेलिनसाठी एक जागा धरून ठेवली होती, जूनअखेरपर्यंत. सेबेरा व्यवहारी बाई. पत्र आलं त्याच आठवड्यात तिने चांगल्या बश्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. मार्चेलिन म्हणाला, "जाऊ की." आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण निम्म्यावर आलं. खरं सांगायचं तर माणूस घाबरला होता. त्या गावातून समुद्र बघायचा तर दोन तास बसमध्ये बसावं लागतं.

गावात राहायचं तर एकच वाट होती, घरांची कामं. जुना घरसुतार आदल्या वर्षी वारला होता, आणि धक्क्यावरच्या बावीस घरांपैकी पंधरा आतून कुजायला लागली होती. एका माणसाला जन्मभर पुरेल एवढं काम डोळ्यांसमोर उभं होतं, पण ते मार्चेलिनला द्यायला कोणी तयार नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं एकच: बोटीचं काम वेगळं, घर जागच्या जागी उभं राहायला पाहिजे.

आणि मग मार्च महिन्यात एका सकाळी प्रुदेंची डोक्यावर तारल्यांची टोपली घेऊन त्याच्या दारात आली.

"काय रे मार्चेलिन, ऐकलं ते खरं का? डोंगरापलीकडे स्क्रू पिळायला चाललास म्हणे?"

"ठरतंय अजून."

"ठरू दे. तोवर माझं घर कर. दोन्हीकडच्या दगडी भिंती धड आहेत, त्यांच्या मधलं सगळं सडलंय. काल स्वयंपाकघरात माझा पाय फळीतून खाली गेला. खालच्या मजल्यावर जाळ्याला बसलेल्या नणंदेने माझी पोटरी बघितली."

"मी बोटी करतो, प्रुदेंचीबाई."

"हो का? मला वाटलं तू केस कापतोस. अरे, बोट उलटी धरली की छप्पर होतं, उभी कापली की जिना होतो. त्यात काय एवढं?"

"बाकी कोणी मला काम देत नाहीये, ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे म्हणून तर आले. दुसऱ्याला बोलवायचं तर शहरातून आणावा लागेल, आणि तो माझ्या बोलण्याने दुपारपर्यंत पळून जाईल. तुला सवय आहे." तिने टोपली खाली ठेवली. "पण एक सांगते. आढं चढेल त्या दिवशी काम आवडलं असेल तर वर लॉरेलची फांदी. नाही आवडलं तर सुकवलेल्या कॉड माशाचं शेपूट टांगीन. जूनअखेर सान पेद्रोच्या सणाला मिरवणुकीत अख्खं गाव बघेल. कबूल?"

रश्शात ज्याची पानं टाकतात त्या लॉरेलची फांदी आढ्यावर दिसली की समजायचं, मालकिणीने सुताराचं काम मानलं. त्या दिवशी सगळ्या गल्लीला जेवण. आणि फांदी नाही दिसली तर त्या सुताराला गावात पुन्हा कोणी कोंबड्यांचं खुराडंही बांधायला देत नाही. कॉडचं शेपूट मात्र गेल्या साठ वर्षांत एकदाच टांगलं गेलं होतं, आणि तो सुतार त्याच रात्री बायकापोरांसकट निघून गेला म्हणतात. मार्चेलिनने थोडा विचार केला. नाहीतरी जायचंच आहे, मग शेपटाला काय भ्यायचं.

"कबूल," तो म्हणाला. सेबेरा आतून ऐकत होती. तिने बश्या गुंडाळायच्या थांबवल्या नाहीत.

कामाला लागला आणि माणूस बदलला. बंद कारखान्याच्या आवारात वाळत पडलेले ओक त्याने स्वतः निवडले, ठोकून, वास घेऊन. जुन्या दोन सोबत्यांना जड उचलायला बोलावलं. लोखंडी खिळा एकही नाही, सगळीकडे लाकडी खुंट्या. खिडक्यांच्या चौकटी बसवल्यावर फटींत काथ्या ठासून वरून डांबर ओतलं, कारण फट दिसली की त्याचा हात आपोआप डांबराकडे जायचा. एप्रिलच्या वादळात बाकीच्या एकवीस घरांत बायका खिडक्यांखाली पातेली लावत होत्या, आणि प्रुदेंचीच्या न झालेल्या, वर नुसतं शीड ताणलेल्या घरात थेंब आला नाही. संध्याकाळी तो घरी आला की केसांत भुसा आणि ओठांवर शीळ. सेबेराने एकदा त्याच्या पुढ्यात पुन्हा पूर्ण वाढलेलं ताट ठेवलं आणि त्याने ते संपवलं.

समोरच्या सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, दुकानाचा मालक कोर्नेलियो रोज दारात खुर्ची टाकून बसायचा. त्याला दुसरं काम नव्हतं असं नाही, पण हे जास्त महत्त्वाचं होतं.

"मिस्त्री," तो ओरडायचा, "नांगर विसरू नका हं. भरतीला घर निघून गेलं तर बाई राहील धक्क्यावर."

"नांगर कशाला," मार्चेलिन वरून म्हणायचा, "तुमचा कालचा पाव बांधतो तळाला. हलायचं नाही."

"आणि वल्ही किती?"

"चार. एक तुम्हाला देतो. हात हलवायची सवय होईल."

गल्ली हसायची. सज्जात ओले कपडे वाळत घालणाऱ्या बायका कपडे तसेच सोडून कठड्यावर कोपर टेकायच्या. मार्चेलिन इतकं बोलतो हे गावाला एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

जून आला. पुढची बाजू पुरी झाली, सज्जाचा कठडा लागला, इलारियोच्या बोटीचा उरलेला हिरवा रंग त्यावर चढला. इलारियो तिकडे कुपा माशांच्या मागे समुद्रात होता, सान पेद्रोला परत येणार होता. स्वयंपाकघराची जमीन सगळ्यात शेवटी घातली. छपराच्या जागी अजून शीडच पसरलेलं होतं, पण खाली फळीला फळी अशी मिळाली होती की मधे नख जाईना. सान पेद्रोला पाच दिवस राहिले असताना, दुपारी, मार्चेलिन त्या नव्या जमिनीवर एकटाच डबा उघडून बसला. पाव, तळलेली मिरची, आणि उकडलेली दोन अंडी.

एक अंडं त्याने सोलून खाल्लं. दुसरं डाव्या बाजूला ठेवलं. अंडं हललं, थोडा विचार केल्यासारखं थांबलं, आणि गडगडत डाव्या भिंतीला जाऊन लागलं.

मार्चेलिनने ते उचलून आणलं आणि आपल्या उजव्या हाताला ठेवलं. ते उजव्या भिंतीला जाऊन लागलं.

त्याने एक डोळा मिटला. गुडघ्यावर वाकून जमिनीला गाल लावला आणि फळ्यांवरून नजर टाकली. मग तो उठून उभा राहिला. त्याने स्वयंपाकघराला डेक घातला होता.

बोटीचा डेक सपाट नसतो, मधे उचललेला असतो, लाट वर आली की पाणी दोन्ही कडांना निघून जावं म्हणून. त्या उचलाचा अंदाज मार्चेलिनच्या डोळ्यात इतका मुरला होता की सरळ तुळई त्याला खचल्यासारखी दिसायची. इथल्या अकराही तुळया त्याने डोळ्याने कापल्या, खचलेल्या वाटल्या म्हणून दुरुस्त केल्या, आणि मनातल्या मनात म्हणालाही असेल, आता कशा छान सरळ झाल्या. मधे चार बोटं उंच. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत असा सुंदर, एकसारखा बाक त्याने आयुष्यात घातला नव्हता, हे त्याला त्याही क्षणी दिसलं, आणि त्याला स्वतःचा राग आला.

संध्याकाळी त्याने सेबेराला सांगितलं. ती सूप ढवळत होती.

"उपटा फळ्या आणि सरळ करा," ती म्हणाली.

"तुळयाच तशा कापल्यात. नव्या करायच्या तर तीन आठवडे. भाऊ थांबेल?"

"महिनाअखेरच्या पुढे नाही थांबायचा." तिने पळी आपटली. "मग गप्प बसा. टेबलाच्या पायाखाली पाचर ठोका. तिला कळेपर्यंत आपण गेलेलो असू."

"तिला लगेच कळेल."

"मग कळू दे. तुम्हाला काय करायचंय? आपण जाणारच आहोत."

मार्चेलिनने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाला, "मला नाही जायचं, सेबेरा."

एवढ्या महिन्यांत हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला. सेबेराने सूप विस्तवावरून उतरवलं आणि त्याच्या समोर बसली. तिला राग यायला हवा होता, भावाला तिने किती पत्रं लिहिली होती, पण राग आला नाही.

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"आधी मला वाटत होतं, घर चांगलं झालं की न सांगताच होईल सगळं."

"न सांगता काही होत नाही, अहो. उद्या सकाळी जा आणि प्रुदेंचीला तोंडावर सांगा. शेपूट टांगायचं तर टांगू दे. पण तिने शोधून काढलं असं व्हायला नको."

मासळीबाजारात प्रुदेंचीला काही सांगायचं म्हणजे चारचौघांत सांगायचं, कारण तिथे चाळीसजणी असतात आणि सगळ्यांचे कान प्रुदेंचीकडे. मार्चेलिन टोपी हातात घेऊन उभा राहिला. तारल्या मोजता मोजता तिने मान वर केली.

"बोल. तोंड असं का, आढं मोडलं?"

"स्वयंपाकघराची जमीन चुकली. मधे उंच झालीय. बोटीच्या डेकसारखी."

शेजारची बाई खुदकन हसली. प्रुदेंचीने तिच्याकडे बघितलं, ती हसायची थांबली.

"किती उंच?"

"चार बोटं."

"दिसतं?"

"दिसत नाही. पण अंडं गडगडतं."

आता मात्र बाजार हसला, चाळीसच्या चाळीसजणी. प्रुदेंची हसली नाही. तिने एप्रनला हात पुसले, टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि त्याच्या पुढे चालायला लागली. वाटेत कोर्नेलियोने काहीतरी विचारलं, तिने त्याला उत्तरसुद्धा दिलं नाही. असं गावात कधी घडलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. पायातल्या लाकडी वहाणा काढल्या. त्या बाजूला ठेवल्या आणि अनवाणी आत गेली, अगदी मधोमध.

"इलारियोच्या बोटीवर असंच आहे?"

"असंच. तीही मीच केली."

"माझ्या बापाच्या?"

"ती आमच्या मिस्त्रीने केली, मी फळ्या धरत होतो. पण डेक असाच."

प्रुदेंची खाली बघत राहिली. तिचा बाप, तीन भाऊ, नवरा, दोन मुलगे, सगळे बोटीवर. तिने त्यांची जाळी विणली, त्यांची मासळी डोक्यावरून सात गावांत विकली, धक्क्यावर उभी राहून बोटीच्या कडेवरून हजारो टोपल्या ओढून घेतल्या. पण पाय धक्क्यावर. बाईचा पाय बोटीला लागला की मासा पळतो, असं आमच्याकडे पणजोबांच्या पणजोबांपासून चालत आलंय. मासे पळतात की नाही हे कोणी तपासलं नाही, माशांना कोणी विचारलं नाही, पण बायका कधी चढल्या नाहीत. धक्का आणि डेक यांच्यात हातभर अंतर, आणि तेवढं अंतर साठ वर्षांत प्रुदेंचीने ओलांडलं नव्हतं.

"उभं कसं राहायचं?" तिने विचारलं.

"पाय थोडे फाकवून. गुडघे सैल."

ती तशी उभी राहिली.

"तोंड कुठल्या बाजूला?"

"खिडकीकडे. बंदराकडे."

"आणि सुकाणू?"

मार्चेलिनने मान वळवून बघितलं. "साधारण चूल येईल तिथे."

प्रुदेंची चुलीच्या जागेपर्यंत चालत गेली, हळू, एकेक पाऊल टाकत. तिथून वळून खिडकीबाहेर बघितलं. तिची पाठ मार्चेलिनकडे होती, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला दिसलं नाही.

"मी दुरुस्त करीन, प्रुदेंचीबाई. तीन आठवडे द्या. मजुरी नको मला."

"तू जा आता."

"पण परवा आढं..."

"परवा आढं चढव. जमिनीला हात लावू नकोस. चल, नीघ."

दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. कोर्नेलियोच्या दुकानात एका बाजूला लॉरेल, एका बाजूला शेपूट अशा पैजा लागल्या, आणि शेपटाकडे गर्दी जास्त होती. प्रुदेंचीच्या दारावर सुकवलेल्या कॉडचा एक भलामोठा मासा टांगलेला कोणीतरी पाहिला, अशी बातमी आली. मार्चेलिनने ती ऐकली आणि रंध्याला धार लावत बसला.

आढं चढायच्या दिवशी सकाळी आभाळ निवळलेलं होतं. पंधरा पुरुष दोर ओढायला आले, शेजारच्या दोन्ही घरांतले लोक आपापल्या भिंती सांभाळायला उभे राहिले, आणि ओकचं ते भलंमोठं आढं हळूहळू वर गेलं. मार्चेलिन वर बसून खाली हाताने खुणा करत होता. खाचेत आढं बसलं तेव्हा एकच दबका आवाज झाला, आणि त्याला कळलं की केसभरसुद्धा फरक नाही. त्याने खुंटी ठोकली. टाळ्या झाल्या. आणि मग सगळे थांबले, कारण मालकीणच दिसेना.

"मिस्त्री," कोर्नेलियो खालून म्हणाला, आज जरा हळू आवाजात, "खाली या, एक पेला घ्या. मी देतो."

कोर्नेलियोने फुकट पेला देऊ करावा, म्हणजे आपली अवस्था काय असेल हे मार्चेलिनने ओळखलं. तो आढ्यावरच बसून राहिला. तिथून अख्खं बंदर दिसत होतं. हे सगळं आता शेवटचं बघतोय असं त्याला वाटलं, आणि त्याला रडू आलं. कोणाला दिसू नये म्हणून त्याने टोपी पुढे ओढली.

तेवढ्यात धक्क्याच्या कोपऱ्यावरून बायका आल्या. एकटी प्रुदेंची नव्हे, मासळीबाजारातल्या चाळीसच्या चाळीसजणी, एप्रनसकट, माशांच्या वासासकट. पुरुषांमधून वाट काढत त्या सरळ घरात शिरल्या. दारात लाकडी वहाणांचा ढीग पडला. जिन्यावरून अनवाणी पायांची धडधड वर गेली, आणि मग स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले.

"अगं, सरक की पुढे, सगळं तोंड तूच अडवलंस."

"गुडघे सैल सोड, गुडघे. अशी ताठ उभी राहिलीस तर पडशील समुद्रात."

"हे असं असतं होय? आणि आमचे हे घरी येऊन सांगतात, किती कठीण, किती कठीण. मी इथे पोळ्या भाजीन."

"मासे पळाले का गं?"

"पळू दे. बाजारात विकलेलेत माझे."

हसण्याचा असा कल्लोळ झाला की खाली गल्लीतले पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मधेच कोणाचातरी पाय आपटण्याचा आवाज आला, मग दुसरीचा, आणि चाळीसजणी फळ्यांवर एका तालात नाचायला लागल्या. तुळया किंचित दबल्या आणि परत वर आल्या. डेकच्या तुळया दबायला हव्यात तशाच त्या दबत होत्या, हे मार्चेलिनला आढ्यावर बसल्या बसल्या समजलं.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून लॉरेल बाहेर आली. ती फांदी म्हणायची नाही, अर्धं झाड होतं ते. प्रुदेंचीचं डोकं तिच्या मागून बाहेर आलं.

"मार्चेलिन. अरे ए, धर हे. हात तुटायला आले माझे."

त्याने दोर सोडला, फांदी वर ओढून घेतली.

"जमीन..." तो म्हणाला.

"जमिनीला कोणी वाकस लावला तर मी त्याचे हात तोडीन. टेबल कुठे ठेवायचं तेवढं सांग."

"बरोबर मधोमध. मग डुलणार नाही."

"ठेवते मधोमध. बाईला साठ वर्षं धक्क्यावर उभी केली या गावाने. माझ्या बापाने नाही चढवलं, नवऱ्याने नाही चढवलं, तू चढवलंस, आणि वर माफी मागतोस? बांध ती फांदी नीट." तिचा आवाज फाटला, म्हणून ती आणखी जोरात ओरडली. "आणि कोर्नेलियो, कॉडचं जेवण आहे, ये. शेपूट तुझ्यासाठी ठेवलंय."

तिच्या खांद्यावरून आणखी दोन डोकी बाहेर आली. एकीला सान पेद्रो झाल्या झाल्या असंच स्वयंपाकघर हवं होतं, दुसरी म्हणत होती नंबर आपला आधी, आपली फळी फेब्रुवारीतच मोडलीय. दोघींचं तिथेच जुंपलं. मार्चेलिनने फांदी आढ्याला बांधली. गाठ तीनदा बांधावी लागली.

गल्लीत टेबलं मांडली गेली. बटाटे घातलेला कुप्याचा रस्सा, कॉड, आणि कोर्नेलियोची सायडर, जी त्या दिवशी त्याने खरंच फुकट वाटली. मार्चेलिन सगळ्यात शेवटी खाली उतरला, शिडीने घराच्या आतून. स्वयंपाकघरापाशी येऊन थांबला.

सेबेरा आत होती. सकाळपासून ती खाली पातेली सांभाळत होती, वर आलीच नव्हती. आता चपला हातात घेऊन ती मधोमध उभी होती, पाय थोडे फाकवून. कोणी शिकवलं नव्हतं तिला, बाकीच्यांचं ऐकलं असेल.

"अहो, हेच का ते?"

"हेच."

"त्रेचाळीस वेळा केलंत तुम्ही हे?"

"त्रेचाळीस."

"संध्याकाळी येऊन मला सांगायचात, आज डेक पुरा झाला म्हणून. आणि मी म्हणायचे, बरं, हात धुऊन घ्या." ती खिडकीपर्यंत चालत गेली, परत आली, चुलीच्या जागेपर्यंत गेली, परत आली. मधे उंचावर पोचली की थांबायची. "मला वाटायचं, फळ्याच त्या. किती सुंदर आहे हो हे."

 एकोणतीस वर्षं ही बाई मार्चेलिनच्या अंगाला आलेला डांबराचा वास धूत होती, आणि आपण काय बनवतो हे तिला कधी दाखवता आलं नव्हतं. हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि आता त्याची त्याला लाज वाटली आणि फार आनंदही झाला.

"भावाला पत्र टाकते उद्या," सेबेरा म्हणाली. "जागा दुसऱ्या कोणाला तरी दे म्हणावं."

"बश्या?"

"सोडीन की. गुंडाळता येतात तर सोडता येत नाहीत?"

खालून प्रुदेंची ओरडली की रस्सा गार होतोय आणि मिस्त्रीशिवाय कोणी चमचा उचलणार नाहीये, तर लवकर या. मार्चेलिन दाराकडे वळला.

"जरा थांबा," सेबेरा म्हणाली. "मला अजून थोडा वेळ इथे उभं राहायचंय."

मार्चेलिनने बूट काढले आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.